‘आईकडून आलं’ म्हणजे नेमकं काय आलं?

दिवाळी अंकातली मुलाखत असो की पुरस्काराचं भाषण, ‘तुमच्यात हे लेखन आलं कुठून?’ हा प्रश्न ठरलेला. उत्तरही बहुतेक वेळा ठरलेलंच. आई ओव्या म्हणायची, वडील गोष्ट रंगवून सांगायचे, आजोबा कीर्तनकार होते. थोडक्यात, रक्तातच होतं. सांगणाऱ्याला बरं वाटतं, ऐकणाऱ्यालाही. कृतज्ञता म्हणून त्यात खोट काढण्यासारखं काही नाही.

पण हल्ली हेच उत्तर विकायला निघालं आहे. बोटांचे ठसे घेऊन ‘डीएमआयटी’ नावाच्या चाचणीतून मुलाची जन्मजात बुद्धिमत्ता सांगतो म्हणणारे आपल्याकडे पालकांना गाठतात. (याला शास्त्रीय आधार नाही, हे इथेच सांगून टाकतो.) अमेरिकेत तर काही कंपन्या प्रयोगशाळेतल्या भ्रूणांचा डीएनए तपासून त्यांतलं कोणतं जास्त हुशार निघेल, याचा अंदाज पैसे घेऊन देऊ लागल्या आहेत. तेव्हा ‘रक्तात असणं’ ही काय भानगड आहे, ते जरा मुळापासून बघू.

## गटेने दिलेली वंशावळ

आपल्या प्रतिभेचं श्रेय आईबापांना वाटून देणारा सगळ्यात प्रसिद्ध लेखक म्हणजे जर्मन महाकवी गटे. ‘शाकुंतल’ डोक्यावर घेऊन नाचला म्हणून आपण ज्याला ओळखतो, तोच. (नाचण्याची दंतकथा, स्तुतीच्या चार ओळी मात्र त्याने १७९१ साली खरंच लिहिल्या.) त्याची एक छोटी कविता आहे. तिचा भावार्थ असा: बापाकडून मला अंगकाठी आली आणि आयुष्य गांभीर्याने जगण्याची शिस्त, आईकडून आनंदी स्वभाव आणि गोष्टी रचण्याची हौस. पुढे पणजोबांची सुंदर बायकांवर नजर असायची, ते अधूनमधून माझ्यात डोकावतं. पणजीला दागिन्यांचा सोस, तोही अंगात थोडा वळवळतो.

आई कातारीना एलिझाबेथ. गटे जन्मला १७४९ साली, तेव्हा ती अवघी अठरा वर्षांची होती. बाप योहान कास्पर एकोणचाळीसचा. म्हातारपणी आईने सांगितलेल्या आठवणी बेटिना ब्रेंटानो नावाच्या तरुण लेखिकेने टिपून घेतल्या. बेटिना स्वतः तिखटमीठ लावण्यात पटाईत होती, हे लक्षात ठेवून त्यातली ही आठवण वाचा. आई रात्री गोष्ट सांगायची आणि ऐन रंगात आली की ‘पुढचं उद्या’ म्हणून थांबायची. पोर बेचैन. तो आजीकडे जाऊन पुढे काय व्हायला हवं ते सांगायचा. आजी गुपचूप सुनेला कळवायची. दुसऱ्या रात्री गोष्ट बरोब्बर त्याच्या मनासारखी वळायची आणि पोराचे डोळे चमकायचे.

यात आईकडून आलेली ‘हौस’ कोणती आणि आईने केलेली मशागत कोणती, हे वेगळं करून दाखवा बरं. मुलाला गोष्टीचं वेड होतं म्हणून आई सांगत राहिली, की ती सांगत राहिली म्हणून वेड लागलं? आधीच वेड होतं असं धरलं, तरी ते पोसायला घरात आई आणि आजी अशा दोघी होत्या. ही आजीच त्याला चार वर्षांचा असताना, १७५३च्या नाताळात, कळसूत्री बाहुल्यांचं नाट्यगृह देणारी.

## जनुकं देतात काय?

जनुक म्हणजे पेशीतल्या डीएनएचा एक तुकडा, ज्यात शरीराला लागणारं एखादं प्रथिन कसं बनवायचं याची माहिती असते. माणसात अशी साधारण वीस हजार जनुकं असतात. निम्मा डीएनए आईकडून, निम्मा बापाकडून. कोणता निम्मा, ते प्रत्येक मुलाच्या वेळी नव्याने, नशिबावर ठरतं.

एवढ्यावरून एक गोष्ट उघड आहे. प्रथिनात ‘कादंबरी’ नसते. ऐकलेलं-वाचलेलं काही क्षण डोक्यात धरून ठेवण्याची क्षमता, आवाजातले बारकावे टिपणारा कान, एका जागी बसण्याची चिकाटी, एकटेपणा सोसण्याची ताकद, अस्वस्थ मन अशा कितीतरी गोष्टींवर जनुकांचा थोडाथोडा प्रभाव असतो. त्यांतून लेखक होऊ शकतो, वकीलही आणि गावातला गप्पिष्ट पोस्टमनही.

‘भाषेचं जनुक सापडलं’ अशी बातमी २००१ साली गाजली होती. लंडनच्या एका कुटुंबात तीन पिढ्यांतल्या जवळपास निम्म्या लोकांना बोलताना ओठ-जिभेच्या हालचालींवर ताबा ठेवणं आणि वाक्यरचना जमवणं अवघड जायचं. त्यांच्यात ‘फॉक्सपी२’ या जनुकात बिघाड निघाला. जनुक बिघडलं तर बोलणं अडतं, एवढंच त्यातून सिद्ध झालं. ते धड असेल तर माणूस सुंदर लिहितो, असं नाही. ते तर जवळपास आपल्या सगळ्यांचंच धड असतं.

## मग ‘पन्नास टक्के आनुवंशिक’ हे आकडे कुठून येतात?

जुळ्यांच्या अभ्यासातून. एकसारख्या जुळ्यांची जवळजवळ सगळी जनुकं सारखी असतात, बिनसारख्या जुळ्यांची सरासरीने निम्मी. दोन्ही जोड्या एकेका घरात वाढतात. एखाद्या गुणात एकसारखी जुळी जास्त मिळतीजुळती निघाली, तर तो जास्तीचा सारखेपणा जनुकांच्या खात्यावर टाकतात. त्यातून जो आकडा निघतो त्याला ‘हेरिटेबिलिटी’ म्हणतात. २०१५ साली पन्नास वर्षांतले असे अभ्यास एकत्र केले गेले. एक कोटी पंचेचाळीस लाख जोड्या, सतरा हजारांवर गुण; सरासरी निघाली ४९ टक्के. नेदरलँड्समध्ये तर जुळ्यांना संगीत, बुद्धिबळ, लेखन यांतल्या गतीबद्दलही विचारलं गेलं आणि तिथेही जनुकांचा वाटा भरपूर निघाला. फक्त तिथे ज्याने-त्याने स्वतःलाच गुण दिले होते. लेखकांना स्वतःला गुण द्यायला सांगितलं तर काय होईल, ते आपण जाणतोच.

आता या आकड्याचा अर्थ. इथे भलेभले घसरतात. ४९ टक्के म्हणजे तुमच्यातलं निम्मं जनुकांनी केलं आणि निम्मं घराने, असं नाही.

समजा, एका गावात सगळ्या घरी एकाच शेतातल्या बाजरीचं, एकाच दिवशी, एकाच गिरणीवर दळलेलं पीठ आहे. तरी कुणाची भाकरी टम्म फुगते, कुणाची कडेला चिरते. इथे फरक शंभर टक्के हाताचा. आता उलटं करा. थापणारी एकच, पण पीठ घरोघरचं. कुणाचं ताजं, कुणाचं पडून पडून विरी गेलेलं. इथे फरक शंभर टक्के पिठाचा. भाकरी करण्याची रीत दोन्हीकडे तीच. टक्केवारी बदलली ती गावात काय सारखं होतं आणि काय वेगळं, त्यावरून. आणि माझ्या ताटात पडलेल्या या एका भाकरीत किती टक्के पीठ आणि किती टक्के हात, या प्रश्नाला तर अर्थच नाही.

हेरिटेबिलिटी ही तशीच. ती गावाची असते, भाकरीची नाही. सगळ्या मुलांना बरी शाळा, बरं जेवण, हातात पुस्तकं मिळाली की उरलेल्या फरकात जनुकांचा वाटा वाढलेला दिसतो. अर्ध्या मुलांना पाटीच मिळाली नाही, तर तो घसरतो. म्हणून ‘माझं निम्मं यश आईच्या जनुकांचं’ असं एकट्या माणसाबद्दल कुणी म्हणालं, तर त्याने अख्ख्या गावाचा आकडा आपल्या ताटात वाढून घेतलेला असतो.

## जे मिळालंच नाही, त्याचाही परिणाम

मला या विषयातलं सगळ्यात सुंदर संशोधन वाटतं ते आइसलँडचं, २०१८ सालचं. आईच्या डीएनएपैकी निम्मा मुलाकडे येतो, निम्मा येत नाही. संशोधकांनी नेमकी ही न आलेली जनुकं पाहिली. शिक्षण जास्त होण्याशी ज्यांचा संबंध आहे अशी आईबापांची जनुकं मुलात उतरलेलीच नव्हती, तरी मुलाच्या शिक्षणावर त्यांचा परिणाम दिसला. उतरलेल्या जनुकांच्या परिणामाच्या जवळपास तीस टक्के.

हे कसं? सरळ आहे. वाचनाची ओढ देणारं एखादं जनुक आईत आहे. त्यामुळे आई वाचते, घरात पुस्तकं येतात, जेवताना पुस्तकांवर बोलणं होतं. जनुक मुलाला मिळालं नाही, पण त्या जनुकाने उभं केलेलं घर मिळालं. म्हणजे ‘आईकडून आलं’ हे खरं, आणि ‘रक्तातून आलं’ हे खोटं, असं दोन्ही एकाच वेळी असू शकतं. मूल मात्र आतून दोन्हींत फरक करू शकत नाही. त्याला दोन्ही त्याच बाईकडून मिळालेलं असतं.

भ्रूण तपासणाऱ्या कंपन्यांची गोम इथेच आहे. शिक्षणाशी जोडलेल्या हजारो जनुकीय फरकांची बेरीज करून माणसाला एक गुणांक देतात. तीस लाख लोकांच्या २०२२च्या अभ्यासात, लोकालोकांत शिक्षणाचा जो फरक असतो त्यातला १२ ते १६ टक्के या गुणांकाने समजावता आला. पण तुलना सख्ख्या भावंडांत केली की त्याचा प्रभाव जवळपास निम्म्यावर येतो, कारण भावंडांचं घर एकच. भ्रूणं तर भावंडंच की! शिवाय ही सगळी माहिती युरोपीय वंशाच्या लोकांची. आपल्याकडच्या माणसाला तो गुणांक फारसा लागू पडत नाही.

## ‘पण लेखकांच्या घरात लेखक होतातच ना?’

होतात. १८६९ साली फ्रान्सिस गाल्टनने, डार्विनच्या आतेभावंडांपैकी या गृहस्थाने, थोर पुरुषांच्या नातेवाइकांत किती थोर निघाले याची मोजदाद केली आणि प्रतिभा वंशातून येते असा निकाल दिला. ओळखीपाळखी, पैसा, शाळा यांचं काय, हा आक्षेप त्यालाही सुचला होता. त्यावर त्याचं उत्तर असं: पोप लोक पुतणे-भाचे मानून पोरं पोसत, त्यांना सगळं काही मिळे, तरी ते थोरांच्या पोटच्या मुलांइतके थोर निघत नाहीत. याचे आकडे मात्र त्याने दिले नाहीत. पुढे १८८३ साली ‘सुप्रजनना’ला, म्हणजे निवडक माणसांची पैदास वाढवून वंश सुधारण्याच्या कल्पनेला, इंग्रजी नाव देणाराही हाच.

त्या विचाराची पेठ पुढे बर्लिनला भरली. तिथल्या मानववंशशास्त्र, मानवी आनुवंशिकता आणि सुप्रजनन यांच्या संस्थेत १९२८च्या सुमारास पुण्याहून एक तरुण विद्यार्थिनी पोचली: इरावती कर्वे. तिचे मार्गदर्शक ऑयगेन फिशर पुढे नाझी राजवटीचे मोठे आधार झाले. गोऱ्या युरोपीयांच्या कवटीची ठेवण वेगळी आणि म्हणून बुद्धी सरस, या धाटणीचं गृहीतक तिच्यापुढे होतं. तिने कवट्या मोजल्या आणि वंशावंशांत तसा फरक दिसत नाही, असं प्रबंधात लिहून दिलं. विशीतल्या, परक्या देशातल्या विद्यार्थिनीने गुरूच्या दारात हे करायचं म्हणजे छाती लागते.

इरावतीबाईंचं स्वतःचं घर बघा. त्या लेखिका; ‘युगान्त’ला १९६८चा साहित्य अकादमी पुरस्कार. मुली जाई निंबकर आणि गौरी देशपांडे, दोघी लेखिका. गौरीबाईंची मुलगी ऊर्मिला देशपांडे, तीही कादंबरीकार. तीन पिढ्या! गाल्टनने ही नावं आनंदाने वहीत टिपली असती. पण इरावतीबाई सातव्या वर्षी ब्रह्मदेशातून पुण्याला हुजूरपागेत शिकायला आल्या आणि रँग्लर परांजप्यांच्या घरात मुलीसारख्या वाढल्या. ते घर रक्ताचं नव्हतं. तिथली मुलगी शकुंतला परांजपे लेखिका झाली, तिची मुलगी सई परांजपे. आता इरावतीबाईंची लेखणी करमरकरांच्या रक्ताच्या खात्यावर टाकायची की परांजप्यांच्या पुस्तकांच्या कपाटाच्या?

याहून जुना दाखला हवा तर नामदेवांचं घर. आई गोणाई, बायको राजाई यांच्या नावावर अभंग आहेत. आणि त्या घरातली सगळ्यात मोठी कवयित्री जनाबाई गंगाखेडहून आलेली, नामयाची दासी म्हणवणारी. गोणाई आणि जनी, दोघींचं नामदेवाशी नातं आहे. एकीचं रक्ताचं, एकीचं जात्याचं.

## ‘मग भावंडं सारखी का निघत नाहीत?’

हा प्रश्न उलट बाजूचे लोक विचारतात: घरच सगळं करत असेल, तर एका घरातली दोन मुलं वेगळी कशी? बरोबर प्रश्न आहे. उत्तराचा मोठा भाग जनुकांकडेच जातो. भावंडांत सरासरी निम्मीच जनुकं सामाईक असतात, आणि गुण एकेकटे नव्हे तर विशिष्ट मिश्रणात काम करतात. ते मिश्रण पुढच्या पिढीत मोडतं. गटेचा मुलगा आउगुस्ट लेखक म्हणून कुणाला माहीत नाही. नातवांनी थोडी कविता, थोडं संगीत करून पाहिलं. १८८५ साली शेवटचा नातू गेला आणि वंश संपला. दहा गोष्टी एकाच माणसात जुळून आल्या म्हणून जो शिखरावर पोचतो, त्याची मुलं सहसा सरासरीच्या जवळ येतात. ‘बापाचं नाव बुडवलं’ म्हणून त्यांना टोचणाऱ्यांना गणित कळत नाही.

पण गटेची बहीण कोर्नेलिया वेगळीच गोष्ट सांगते. त्याच्याहून वर्षाने लहान. बाकीची भावंडं बालपणीच गेली, मोठी झाली ती ही दोघंच. तेच आईबाप, तेच शिक्षक, वडिलांची तीच दोनेक हजार पुस्तकं. १७६५ साली भाऊ विद्यापीठात शिकायला लाइपझिगला गेला. बहीण घरी राहिली. विद्यापीठ मुलींसाठी नव्हतंच. तिने फ्रेंचमध्ये चोरून रोजनिशी लिहिली. १७७३ला लग्न, दुसऱ्या बाळंतपणानंतर १७७७ साली मृत्यू, वय सव्वीस. तिच्यात गोष्टी रचण्याची हौस उतरली होती की नाही, हे कोणत्या जनुकाला विचारणार?

आणि ती दोन हजार पुस्तकं आली कशी? गटेचे आजोबा बायकांचे कपडे शिवणारे शिंपी. त्यांनी एका खानावळीच्या मालकिणीशी, एका विधवेशी लग्न केलं, दारूच्या व्यापारात बक्कळ पैसा केला. बाहुल्यांचं नाट्यगृह देणारी आजी ती हीच. त्या पैशावर बापाने नोकरी न करता ‘शाही सल्लागार’ ही पदवी चक्क विकत घेतली आणि पोरांना घरी बसून शिकवलं. कवितेतल्या वंशावळीत पणजोबांच्या नजरेचा उल्लेख आहे. आजोबांच्या दारूच्या पिंपांचा नाही. तरी गटे लबाड नव्हता. त्याच कवितेच्या शेवटी तो विचारतो: हे सगळे घटक जर एकमेकांपासून सुटे करताच येत नाहीत, तर या प्राण्यात अस्सल त्याचं असं म्हणायचं तरी काय?

## ‘आणि गर्भसंस्कार?’

थोडक्यात. शेवटच्या महिन्यांत पोटातल्या बाळाला आईचा आवाज ऐकू येतो, हे खरं. आईने रोज मोठ्याने वाचलेल्या गोष्टीची लय जन्मल्यावर बाळ ओळखतं, असा प्रयोग १९८६ साली प्रसिद्ध झाला. २००९च्या एका अभ्यासात तर फ्रेंच आणि जर्मन बाळांचं रडणंही आपापल्या भाषेच्या चालीवर गेलेलं आढळलं. मराठी बाळाला आईच्या बोलण्याचा हेल पोटातच लागतो, असं म्हणायला हरकत नाही. त्यातून कादंबरीकार घडतो, हे मात्र क्लासवाल्यांनी जोडलेलं शेपूट.

## गुण वारशाने येतील, यश कसं येणार?

एवढा वेळ ‘गुण’ आणि ‘यश’ हे शब्द आपण एकत्र वापरले. ते वेगळे करायला बहिणाबाई चौधरींसारखं उदाहरण नाही. शाळेचं तोंड न पाहिलेली जळगावकडची शेतकरीण. जात्यावर, शेतात काम करता करता गाणी रचायची. मुलगा सोपानदेव शिकला, कवी म्हणून नावाजला. आईचा गुण मुलात आला, असं म्हणायला इतकी चोख जागा दुसरी नाही. पण यशाची दिशा बघा. आईची गाणी घरातल्या लिहित्या माणसांनी वहीत उतरवली म्हणून राहिली. ३ डिसेंबर १९५१ला ती गेली. त्यानंतर मुलाने ती वही अत्र्यांना दाखवली, त्यांनी ‘बावनकशी सोनं’ म्हटलं आणि १९५२ साली पुस्तक निघालं. मुलगा शाळेत गेला म्हणून आई कवयित्री ठरली.

१९५१च्या जनगणनेत भारतातल्या शंभर बायकांपैकी साधारण नऊ साक्षर होत्या. उरलेल्या एक्याण्णव जणींच्या जात्यावर काय काय दळलं गेलं, याची मोजदाद कोणत्याही जुळ्यांच्या अभ्यासात सापडायची नाही. ज्या जातींना पिढ्यान्‌पिढ्या अक्षरच बंद होतं, त्यांच्या घरांतून पहिल्याच शिकलेल्या पिढीने मराठीत आत्मकथनांची रांग लावली. आईबाप निरक्षर, मूल लेखक. रक्त तेच होतं. शाळा नवी होती.

म्हणजे सगळं मेहनतीचं आणि संधीचं, असंही नव्हे. लिहायला बसल्यावर तासन्‌तास न उठण्याची चिकाटीसुद्धा काही प्रमाणात जन्मतःच कमीजास्त असते. पुरस्काराच्या भाषणात आईचं नाव खुशाल घ्यावं. फक्त ‘तिच्या रक्तातून आलं’ याऐवजी ती रोज रात्री काय करायची, ते सांगितलं तर ऐकणाऱ्यांतल्या एखाद्या आईला ते उचलता येईल.

गटेच्या आईची पत्रं आज छापून उपलब्ध आहेत. खुसखुशीत आहेत, आणि शुद्धलेखनाच्या नावाने बोंब. तिला ते माहीत होतं. अक्षरं नीट जुळवणं आणि ओळ सरळ लिहिणं हे काही माझ्या कलागुणांत बसत नाही, तेवढं माफ करा, असं तिने एका पत्रात लिहिलं आहे. आणि पुढे जोडलं आहे की चूक मास्तरांची.